डोक्यावर हिरवी, खांद्यावर लाल

१२ जानेवारी, सोमवार

डोळे पुन्हा चुरचुरतायत. दिवसभर ड्रोनच्या फोटोंतल्या माणसांभोवतीच्या चौकटी तपासल्या. वरून पाहिलं की माणूस फारसा उरतच नाही. एक डोकं, दोन खांदे आणि सावली. बाई की बुवा हेसुद्धा सावलीवरून ठरवावं लागतं.

जगदेव सरांच्या कॉम्प्युटर क्लासचं आता 'डेटा सेंटर' झालंय. पाटी जुनीच आहे, तिच्यावर नुसता नवा फ्लेक्स ठोकलाय. वारा आला की खालचं 'टायपिंग व टॅली' डोकावतं. तळमजल्यावर कृषी केंद्र आहे. तिथल्या फवारणीच्या औषधांचा वास जिन्यानं वर येतो आणि थेट डब्यातल्या भाजीत शिरतो. डी.एड. झालेली बाई वाशिमात बसून हे करते आहे. शिक्षक भरतीची वाट पाहता पाहता मी थकले, भरतीला काही फरक पडला नाही.

दिवाळीपर्यंत आम्हाला फोटोंत रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं यायची. पिकात शिरलेलं जनावर शोधायचं, चौकट ओढायची, पुढचा फोटो. शेताची राखण करणारं यंत्र त्यावरून शिकणार होतं. ते काम बरं वाटायचं. दिवाळीनंतर पुण्याच्या कंपनीनं माणसं पाठवायला सुरुवात केली. खडक, ओढे, पायवाटा आणि त्यावरून चाललेली कुठली कुठली माणसं. साधा माणूस असला तर हिरवी चौकट, संशयित असला तर लाल, कळत नसलं तर पिवळी. पोरी चौकटी ओढतात, मी त्या तपासून पास करते. म्हणून मी 'क्वालिटी मॅडम'.

हे कशासाठी, असं जगदेव सरांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, राखनच हाये. शेताच्या जागी बॉर्डर, एवढाच फरक."

१५ जानेवारी, गुरुवार

बाबूचा फोन आला. माझा धाकटा भाऊ, प्रसेनजित. फौजेत आहे. चौकी कुठे आहे ते तो सांगत नाही, आम्ही विचारत नाही. बर्फानं रस्ता बंद झालाय, म्हणून सगळं सामान माणसांनीच वर न्यायचं. "रॉकेलचा कॅन खांद्यावर घेऊन चढतो ताई. तुहा भाऊ फौजी कमी, हमाल जास्त," म्हणाला आणि हसला. हसताना त्याला धाप लागली होती.

आईनं फोन ओढून घेतला. जेवला का, पायमोजे कोरडे आहेत का, इथपासून सुरुवात. मग तिनं त्याला माझ्या कामाचं सांगितलं. फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळली.

"ते मशीन तूच बनवून राह्यली काय?"

"मी नाही माय. मी नुसत्या चौकटी ओढते."

"मंग वढ ना लवकर लवकर. ते मशीन तिथं गेलं का माहा पोरगा घरी येते."

आमच्या आईचा, दुर्गाबाईंचा, हिशोब असा सरळ. माझा तरी कुठे वेगळा आहे? यंत्र पहाऱ्यावर उभं राहील आणि बाबू शेकोटीजवळ बसेल, हे चित्र डोळ्यापुढे आणूनच मी रोज तो जिना चढते.

२० जानेवारी, मंगळवार

कंपनीचा निरोप आला की पिवळ्या चौकटी फार होतायत. 'कळत नाही' हे यंत्राला शिकवून उपयोग नाही, त्याला हो किंवा नाही पाहिजे. आजपासून पिवळी बंद.

पोरी गोंधळल्या. आधीच तपासायचं काम साचलेलं, त्यात प्रत्येक फोटोला "मॅडम, हे काय करू?" दुपारपर्यंत माझं डोकं उठलं. शेवटी खुर्चीवर उभी राहून सगळ्यांना एकच सांगितलं: ओझं डोक्यावर असलं तर हिरवी. खांद्यावर लांबट काही असलं तर लाल. बंदूक कोणी डोक्यावर घेऊन चालत नाही. डोक्यावर घेतलं म्हणजे घरी चाललेला माणूस. आपल्या आया-बाया नाही का, सरपण म्हणा, कडबा म्हणा, सगळं डोक्यावर.

चंदा म्हणाली, "मॅडम, खांद्यावर त माह्या भावाचा फवाऱ्याचा पाइपबी असते."

"तुझा भाऊ मानोऱ्यात फवारतो, डोंगरात नाही," मी म्हटलं. सगळ्या हसल्या. चंदाही हसली. ती मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरची, माझ्या हाताखालची सगळ्यात नीट काम करणारी पोरगी. उद्या तिला सुट्टी हवी आहे. तिच्या आईला, म्हणजे तिच्या याडीला, इथे दवाखान्यात आणायचंय. ऊसतोडीत डोक्यावर मोळ्या वाहून वाहून मानेचा मणका गेला. डॉक्टरांनी डोक्यावर आता काहीही घेऊ नका म्हणून सांगितलंय. सुट्टी दिली. काम साचलेलं असताना दिली, याची तिनं जाणीव ठेवावी असंही मनात आलं.

२९ जानेवारी, गुरुवार

कंपनीनं शाबासकी दिली. आमच्या सेंटरच्या चौकटी आता सगळ्यात एकसारख्या येतात म्हणे. माझा नियम त्यांनी बाकीच्या सेंटरांनाही कळवला. जगदेव सरांनी सगळ्यांना कचोरी खिलवली. किती वर्षांनी कोणीतरी माझ्या डोक्याचं कौतुक केलं. आनंद झाला, नाही कशाला म्हणू? घरी येऊन आईलाही सांगितलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

रमाई जयंती. विहारात खीर होती. आईनं ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना सांगून टाकलं की तिची लेक सैनिकांना घरी आणणारं यंत्र बनवते. एका बाईनं विचारलं, "म्हंजे ते गोळ्या झाडते काय?" आई म्हणाली, "नाई व, राखन करते." सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. मी खीर संपवत बसले.

खरं सांगायचं तर झाडतं. किंवा झाडणार आहे. मागच्या आठवड्यातल्या एका निरोपात लिहिलं होतं की लाल दिसल्यावर यंत्र वाट पाहणार नाही. आम्हाला हे कोणी मुद्दाम सांगितलेलं नाही आणि कोणी लपवलेलंही नाही. मी वाचलं आणि पुढच्या फोटोवर गेले.

१४ फेब्रुवारी, शनिवार

चाचणी झाली. थकले आहे, पण आजचं आजच लिहिते.

कंपनीला मोकळं रान हवं होतं, म्हणून चंदाच्या तांड्यामागचं पडीत निवडलं. तांड्यावरची माणसं रोजानं बोलावली. काही गड्यांच्या खांद्यावर ठिबकचे पाइप दिले, ते शत्रू. बाकीच्यांनी गावकऱ्यांसारखं इकडून तिकडे जायचं. वर ड्रोन. त्यात गुलालाचे पुडे भरलेले. ज्याला ते शत्रू ठरवेल त्याच्यावर पुडा टाकेल. कोणी बटण दाबायचं नाही, कोणी काही सांगायचं नाही, सगळं त्याचं ते ठरवणार. माझ्या हातात टॅब दिला होता. यंत्र ज्याच्यावर नेम धरेल त्याच्याभोवती त्यावर चौकट दिसते, थोडा वेळ लुकलुकते, मग पुडा पडतो. खाली 'थांबवा' असं एक बटण. कंपनीचे साहेब म्हणाले की ते अगदीच अपघात होत असेल तर दाबायचं. एरवी हात लावायचा नाही, नाहीतर त्याची परीक्षा कशी होणार?

सगळं छान चाललं होतं. पाइपवाल्या एकेका गड्यावर पुडा पडत होता आणि तांड्यावरची पोरंटोरं टाळ्या वाजवत होती. "होळी अगूदरच आली रे," कोणीतरी ओरडलं.

मग चंदाची याडी निघाली. गोमतीबाई. तिला गावकरी व्हायचं होतं. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा भारा डोक्यावर घेऊन पडीतातून चालायचं, एवढंच काम. सकाळीच ती मला म्हणाली होती, "बाई, डोक्स्यावर मले जमत नाई. मान धरते. खांद्यावर घेऊ का?" मी म्हटलं, "घ्या ना मावशी, काय बिघडतं?"

भारा खांद्यावर, एक हात वर धरलेला, ओढणीच्या आरशांवर ऊन. मी तिच्यापासून फार लांब नव्हते, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. टॅबवर तिच्याभोवती चौकट आली. लाल. लुकलुकायला लागली. मी तिला ओळखलं होतं. तासाभरापूर्वी तिनं मला चहा दिला होता. माझा अंगठा बटणावर होता आणि मला वाटलं, बदलेल. इतकं शिकवलंय त्याला, जवळ गेल्यावर त्याला कळेल. त्याला माझ्यापेक्षा जास्त दिसत असेल.

पुडा तिच्या मानेवर पडला. ती भाऱ्यासकट खाली बसली.

टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं हेही ठरलेलंच. मग चंदा धावत गेली. गुलाल लाल ओढणीवर दिसतच नव्हता, पांढऱ्या केसांवर तेवढा दिसत होता. गोमतीबाई बराच वेळ उठली नाही. रडली नाही, ओरडली नाही. मान धरून विचारत राहिली.

"मले कोनं मारलं?"

जगदेव सरांनी वर बोट दाखवलं. "मावशी, ड्रोन हाये ते. चुकून झालं."

"त्याले कोनं सांगतलं?"

"कोनंच नाई. ते आपोआप करते."

"आपोआप कसं? आपोआप त ढेकूळबी पडत नाई. कोनतरी सांगतलं असन ना?"

सर माझ्याकडे पाहायला लागले, मी कंपनीच्या साहेबांकडे, आणि साहेब त्यांच्या लॅपटॉपमध्ये. पाण्याची बाटली माझ्याकडे होती. मी तिचं तोंड धुऊन दिलं. एवढंच मला सुचलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

विहारात गेले नाही. आईला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

चंदा आज कामावर आली. याडीच्या मानेला पट्टा लावलाय, बाकी ठीक आहे म्हणाली. जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन बसली. डबा उघडला नाही.

"मॅडम, तुमी याडीले वळखलं व्हतं ना?"

"हो."

"मंग बटन काहून नाई दाबलं?"

खरं तेच सांगितलं. मला वाटलं त्याला कळेल. ती चिडेल असं वाटलं होतं. चिडली असती तर मलाही सोपं गेलं असतं, उलट बोलता आलं असतं. ती नुसती म्हणाली, "त्याले कसं कळन? त्याले त आपूनच शिकवलं, खांद्यावर लाल." आणि उठून पाणी प्यायला गेली.

म्हणजे तिला ते तिथे पडीतातच कळलं होतं. मला तीन दिवस लागले. खरं तर कळायला नाही, कबूल करायला लागले. गोमतीबाईंना उत्तर मीच द्यायला हवं होतं. तेव्हा मात्र मी साहेबांच्या तोंडाकडे पाहत उभी राहिले.

संध्याकाळी जाताना चंदानं सांगितलं की ती उद्यापासून येणार नाही. तुरी काढायच्या राहिल्यात म्हणाली. तुरी केव्हाच निघाल्या, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

चाचणी पास झाली. एक चूक चालते म्हणे, तेवढी धरलेलीच असते. आता फक्त माझी मंजुरी हवी आहे. जागेवर हजर असलेल्या तपासनीसानं 'वापरायोग्य' असं नोंदवल्याशिवाय पुढे जात नाही. जगदेव सरांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला.

मी म्हटलं, "सर, तो खांद्याचा नियम काढा आधी."

"काढू ना. पुढच्या आवृत्तीत काढनार हायेत. मी बोललो साहेबाशी."

"आत्ता नाही काढता येत?"

"मॅडम, तो काय फळ्यावर लिहेल हाये, पुसून टाकाले? लाखो फोटोत मुरला तो आता. पुन्हा शिकवा लागते सगळं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन हे पाहा, तुमी नाई म्हनलं त सेंटर बंद होते. एवढ्या पोरी कुठं जातीन?"

विचार करून सांगते म्हटलं. सरांवर रागावता येत नाही. त्यांनी टायपिंग शिकवून अर्धं वाशिम पोसलं आहे, वाईट माणूस नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज मी बाबूला विचारलं. आई भाजी आणायला गेली होती.

"बाबू, तू कधी चुकीच्या माणसावर गोळी झाडलीस का रे?"

आई जवळ आहे का, ते त्यानं आधी विचारून घेतलं. मग सांगायला लागला. मागच्या थंडीत पहाटे धुक्यात एक जण चढून येताना दिसला. खांद्यावर काहीतरी आडवं. आवाज दिला, थांबला नाही. बाबूचं बोट घोड्यावर. जवळ आला तेव्हा म्हातारा मेंढपाळ निघाला, कानानं बहिरा, खांद्यावर पाय मोडलेली मेंढी.

"तू ओळखलंस कसं?"

"वळखलं नाई ताई. थांबलो फक्त."

मला एकदम रडू आलं. तोंडात पदर कोंबला. मनात म्हटलं, माझं यंत्र थांबलं नसतं. हे त्याला सांगणार होते. तेवढ्यात तोच बोलला, आणि त्याचा आवाज मला कधी नव्हे इतका म्हातारा वाटला.

"पन ताई, रोज रोज थांबनं होत नाई. झोप नसते. हात बधिर असतात. एखांद्या दिवशी नाई थांबलो त? नाईतर थांबलो आन तो खराच दुश्मन निंघला त? त्यापरीस तुमचं मशीन येऊ दे. चूक त त्याची होईन. मले नाई पाह्यजे आता हे काम."

कोणाची चूक होईल, हे मी त्याला सांगितलं नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

मंजुरी दिली. एक क्लिक, बाकी काही नाही. खाली माझं पूर्ण नाव आलं.

शेऱ्यात लिहिलं की खांद्यावरच्या ओझ्याचा नियम पुढच्या आवृत्तीत बदलावा. शेरा कोण वाचतं मला माहीत नाही. मी बाबूसाठी केलं. पोरींसाठी केलं असंही म्हणता येईल, पण ते खोटं होईल. मी माझ्या भावाला तिथून उठवण्यासाठी केलं, आणि डोंगरातला कुठला तरी म्हातारा मेंढपाळ मनातल्या मनात बाजूला सारला. तो माझा कोणी लागत नाही. हे वाचायला फार वाईट वाटतं, तरी लिहून ठेवते.

४ मार्च, बुधवार

धुळवड. सेंटरला सुट्टी. गल्लीतल्या पोरांनी दारात येऊन रंग लावू का म्हणून विचारलं. मी दार लावून घेतलं. आई म्हणाली, "काहून व, एवढी काहून चिडचिड करून राह्यली?" दुपारी चंदाला फोन केला. तिनं उचलला नाही. तांड्यावर लेंगीची, त्यांची होळीची, गाणी चालू असतील, आवाजात फोन ऐकू गेला नसेल.

११ मार्च, बुधवार

बाबूचा फोन आला तेव्हा आई भांडी विसळत होती. तशीच ओल्या हातानं धावत आली. मी फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, आलं बर का तुमचं मशीन! आमच्याच चौकीवर. तीन दिवस झाले, चाचनीले ठेवलं."

आईनं डोळे मिटून हात जोडले.

"नवीन आवृत्ती आहे का?" मी विचारलं.

"नवीन जुनं मले काय मालूम? डब्यावर वाशिमचं नाव पाह्यलं आन सगळ्याले सांगतलं, हे माह्या बहिनीनं पास केलं. लय मस्त हाये. रात्रभर तेच पाहते, आमी झोपतो."

"आणि तुम्ही? तुमच्यातलाच कोणी बाहेर असला तर?"

"आमाले बिल्ला दिला ना गळ्यात घालाले. बिल्ला असला का ते सोडून देते. थंडीत त्याची बॅटरी उतरते तेवढी, म्हनून आमी बनेनीच्या आत ठेवतो." वारा जोरात वाहत होता, त्याचे शब्द मधेच तुटत होते. "आता खालूनच येऊन राह्यलो. वर पोचलो का पुन्हा लावतो. खांदा गेला माहा पार, हा कॅन..."

"बाबू," मी म्हटलं, "कॅन कुठे आहे?"

"खांद्यावर. अजून कुठं?"

"डोक्यावर घे."

"काय?"

"डोक्यावर घे बाबू. आत्ताच घे. तिथं कोणीही काही खांद्यावर आणायचं नाही. सगळ्यांना सांग."

तो हसला. खूप दिवसांनी मोकळा हसला. "अवो ताई, मी काय बाई हाओ काय, डोक्स्यावर घेऊन चालाले?"

आईसुद्धा हसायला लागली. मी ओरडले, तोवर फोन तुटला होता. पुन्हा लावला, लागला नाही. आता संध्याकाळ झाली आहे. आई म्हणते, रेंज नसेल, वर पोचला की लावेल. मी फोन हातात धरून बसले आहे.